वऱ्हाडचे मत कुणाच्या खात्यात?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात, भातकुली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही सभासदांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कल्याणकारी संस्थेच्या मंचावर राजकारण कशाला, असा त्यांचा सवाल. तो रास्तच आहे. म्हणून आम्ही कोणाचाही प्रचार करणार नाही. आम्ही बँकेतली माणसे. दिवसभर जमा आणि नावे पाहतो. तोच हिशेब आज मतांना लावून पाहू.

विदर्भ अमुक पक्षाचा, असे म्हणण्याची आपल्याकडे सवयच आहे. पूर्वी काँग्रेसचा म्हणत, आता भाजपचा म्हणतात. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला धूळ चारली, तेव्हा विदर्भाने तिला सावरले. १९७८ च्या विधानसभेत इंदिरा काँग्रेसला राज्यात ६२ जागा मिळाल्या, त्यांत सर्वांत मोठा वाटा विदर्भाचा होता. राज्य एका वाटेने आणि विदर्भ दुसऱ्या, हे जुनेच आहे. पण म्हणून विदर्भ कोणाच्या दावणीला बांधलेला नाही. आपल्या अमरावतीचेच पाहा. १९८९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख, १९९१ मध्ये काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील, १९९६ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे आणि १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई. नऊ वर्षांत चार झेंडे!

या १९९८ सालापाशी आपण थोडे थांबू. १९९६ मध्ये राज्यातल्या ४८ पैकी ३३ जागा शिवसेना-भाजप युतीकडे होत्या. दोनच वर्षांनी काँग्रेस आणि रिपब्लिकन एकत्र लढले आणि युती १० वर आली. विदर्भातल्या तर अकराही जागा या आघाडीने जिंकल्या. अमरावतीतून दादासाहेब गवई, अकोल्यातून बाळासाहेब आंबेडकर, चिमूरमधून प्रा. जोगेंद्र कवाडे आणि तिकडे मुंबईतून रामदास आठवले, असे चार रिपब्लिकन लोकसभेत गेले, आणि चौघेही राखीव नव्हे, खुल्या मतदारसंघातून. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेबांना हार पत्करावी लागली होती. त्याच विदर्भाने ४४ वर्षांनी तीन खासदार दिले. आपली मते नवी उगवली नव्हती. ती आधीही होती, पण सुटी होती. दुसऱ्याची मते त्यांच्याशेजारी येऊन बसली, एवढाच फरक.

१९९९ मध्ये काँग्रेस फुटली, रिपब्लिकनही पांगले. अमरावती आणि चिमूर हातचे गेले. अकोला तेवढे राहिले. तिथे बौद्ध समाजाबरोबर छोट्या ओबीसी जातींना उमेदवारी देण्याची पद्धत बाळासाहेबांनी रुजवली होती. लोक त्याला ‘अकोला पॅटर्न’ म्हणू लागले आणि त्या बळावर जिल्हा परिषद अनेक वर्षे हाती राहिली. पण २००४ पासून लोकसभेला अकोल्याने भाजपच निवडला आहे. जिल्हा परिषदेच्या गटात जी बेरीज जमते ती लोकसभेला पुरत नाही, हे कार्यकर्त्यांना कडू वाटते. पण ते खरे आहे.

आता २०२४. अमरावती आणि अकोला हे शेजारचे जिल्हे, पिके तीच कापूस-सोयाबीन, भावाचे रडगाणे तेच, आणि संविधानाची चर्चाही दोन्हीकडे घरोघरी. अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले. अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी. तिथे काँग्रेस दुसरी, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या बाळासाहेबांना पावणेतीन लाखांहून अधिक मते. कोणी कोणाची मते खाल्ली हा वाद आम्हांला घालायचा नाही. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते या सभागृहात बसले आहेत आणि जेवण व्हायचे आहे. पण हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत.

सहा महिन्यांत वारे पुन्हा फिरले. लोकसभेत विदर्भातल्या १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीला मिळाल्या होत्या. नोव्हेंबरात विधानसभेच्या ६२ पैकी ३८ एकट्या भाजपने घेतल्या. अमरावती जिल्ह्यातल्या आठ जागांत आघाडीला फक्त दर्यापूर मिळाले. मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली होती. दरमहा १,५०० रुपये म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या मजूर बाईला काय असतात, ते बँकेच्या खिडकीपाशी आधार जोडायला लागलेल्या रांगेने आम्हांला दाखवले. ‘मत विकले’ असे त्या मायबहिणींना म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पगारदाराला महागाई भत्ता चालतो, मग त्यांचाच हिशेब हलका कसा? मात्र कापसाच्या भावाचा प्रश्न त्या पैशात सुटला नाही, हेही त्याच बायका सांगतात.

एक गोष्ट सभांमधून फारशी बोलली जात नाही. २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या आणि लोकसभेच्या ११ वरून १०, कारण इथली लोकसंख्या उर्वरित राज्याच्या मानाने कमी वाढली. पुन्हा पुनर्रचना होईल तेव्हा हाच प्रश्न उभा राहील. अमरावती लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, तीही कायमची राखीव राहीलच असे नाही.

विद्यार्थी मित्रांना एक काम सांगतो. प्रत्येक निवडणुकीनंतर ‘नमुना २०’ नावाचा तक्ता निघतो. त्यात केंद्रवार मते असतात. आपल्या तालुक्यातल्या केंद्रांचे गेल्या तीन निवडणुकांचे आकडे वहीत उतरवून काढा. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही संस्थेच्या वाचनालयात बसणार आहोत. येताना पट्टी आणि दोन रंगांचे पेन आणा. आपापल्या घरातल्या १८ वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींची नावे यादीत आहेत की नाहीत, तेही पाहून या.