संपादिका विद्या बाळ : जीवन आणि कार्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सभेत केलेले भाषण)



एखाद्या थोर स्त्रीच्या चरित्राविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी मला केली. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण या व्यासपीठावरून अनेकवार श्रवण केली आहेत. आज मी आपल्याच काळातील एका स्त्रीविषयी बोलणार आहे. तिच्यापाशी राज्य नव्हते की सैन्य नव्हते. मासिके चालविणे हाच तिचा व्यवसाय आणि हेच तिचे व्रत. त्या म्हणजे कै. विद्या बाळ.

विद्याताईंचा जन्म १२ जानेवारी १९३७ चा. माहेरच्या त्या केळकर, साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांच्या नात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून अर्थशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे विवाह झाला, संसार सुरू झाला आणि १९६४ साली 'स्त्री' मासिकाच्या संपादकवर्गात त्यांनी प्रवेश केला. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली सुरू केलेले हे मासिक. आपल्यापैकी कित्येकींच्या आजीच्या कपाटात त्याचे जुने अंक जपून ठेवलेले असतील.

विद्याताई जन्मतःच स्त्रीवादी होत्या, असा समज कोणी करून घेऊ नये. परंपरेचा आदर करणाऱ्या घरात त्या वाढल्या. १९७४ साली पुणे महानगरपालिकेच्या निवडणुकीस त्या जनसंघाच्या वतीने उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. पुढचे १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. स्त्रियांच्या प्रश्नांची नवी चर्चा देशभर सुरू झाली आणि वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर विद्याताईंनी आपले विचार पुन्हा तपासून पाहण्यास आरंभ केला. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच होय. तरुणपणी बंड करणे सोपे असते. मुलेबाळे मोठी होत असताना, चारचौघांत नाव झालेले असताना, 'माझे आजवरचे मत अपुरे होते' असे म्हणणे फार कठीण.

पुढे पुण्यात सुशिक्षित, सुखवस्तू घरांतील विवाहितांचे संशयास्पद मृत्यू गाजले. केवळ लेख लिहून भागणार नाही, हे ओळखून विद्याताईंनी सहकाऱ्यांसमवेत 'नारी समता मंच' उभा केला. दुःखाने मुक्या झालेल्या स्त्रीला मोकळेपणी बोलता यावे म्हणून 'बोलते व्हा' हे केंद्र निघाले. १९८३ ते १९८६ या काळात त्या 'स्त्री'च्या संपादिका होत्या. ते पद सुटल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९८९ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' हे स्वतंत्र मासिक सुरू केले. भांडवलदाराचा आधार नसताना मासिक चालविणे म्हणजे काय, हे आपली ही स्मरणिका काढताना जाहिरातींसाठी वणवण करणाऱ्या कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको!

स्त्रीमुक्ती म्हणजे पुरुषद्वेष, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. विद्याताईंनी त्यास कृतीने उत्तर दिले. पुरुषांनाही मन मोकळे करता यावे म्हणून त्यांनी 'पुरुष संवाद केंद्र' काढले. विवाहापूर्वी तरुण-तरुणींनी एकमेकांना ओळखावे, सहजीवनाचा विचार करावा, यासाठी 'साथ साथ विवाह अभ्यास मंडळा'ची उभारणी केली. २०१६ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अॅड. नीलिमा वर्तक यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मंदिरप्रवेशाविषयीचा १९५६ चा कायदा अमलात आणण्याची जबाबदारी शासनाची आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि त्याच वर्षीच्या गुढीपाडव्यास तो चौथरा स्त्रियांना खुला झाला. ३० जानेवारी २०२० रोजी पुण्यात विद्याताईंचे निधन झाले.

भगिनींनो, चरित्र येथे संपते. पण माझे बोलणे संपत नाही. एक गोष्ट कबूल केल्यावाचून मला या व्यासपीठावरून उतरता येणार नाही.

पंधरा वर्षांपूर्वी, याच मंडळाच्या संक्रांतीच्या समारंभात, हळदीकुंकवाचा करंडा माझ्या हाती होता. ओळीत माझी जाऊ बसली होती. भाऊजींना जाऊन अद्याप वर्ष झाले नव्हते. तिच्या उजवीकडच्या बाईंना मी कुंकू लावले आणि एक पाऊल पुढे टाकून डावीकडच्या बाईंसमोर उभी राहिले. शेजारच्या लहान मुलीने तिला विचारले, "काकू, तुम्हाला का नाही लावले?" ती म्हणाली, "मला नको असते." त्या वेळी मी 'मिळून साऱ्याजणी'ची वर्गणीदार होते. अंक नियमित वाचीत होते, मैत्रिणींना वाचावयास देत होते. आणि तरीही ते एक पाऊल मी टाकले. वाचलेले डोक्यात राहिले होते, हातापर्यंत पोहोचले नव्हते. पुढे मी जाऊबाईंची क्षमा मागितली. त्यांनी ती उदारपणे केली. पण त्या समारंभास त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे. येत्या संक्रांतीपासून आपला समारंभ सर्व स्त्रियांचा असावा. तिळगूळ आणि वाण देताना सवाष्ण कोण, विधवा कोण, अविवाहित कोण, हे पाहू नये. सभासदांच्या यादीत 'कुटुंबप्रमुख व पत्नी' एवढ्यावर न थांबता प्रत्येक स्त्रीची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने व्हावी. आणि वधू-वर परिचय मेळाव्यात पत्रिका जुळविण्यापूर्वी मुलामुलींना निवांत बोलण्यास थोडा वेळ मिळावा. यास फारसा पैसा लागत नाही. आपले मत पुन्हा तपासून पाहण्याची तयारी मात्र लागते.

चाळिशीच्या उंबरठ्यावर विद्याताईंना ते साधले. आपल्या मंडळाचे वय त्याहून पुष्कळ अधिक आहे. परंतु अजून उशीर झालेला नाही, असे मला मनापासून वाटते. पुढील संक्रांतीस करंड्याऐवजी तिळगुळाचे ताट जाऊबाईंच्या हाती द्यावे आणि पहिला तिळगूळ मी त्यांच्याकडून घ्यावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्यांना बोलावण्यास मी स्वतः जाणार आहे. मंडळाचे निमंत्रण माझ्यासोबत असावे, एवढेच मागणे करून मी आपली रजा घेते.