काचेआडचा गुरू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



घरातले एक माणूस मनाने आजारी पडले की सारे घर आजारी पडते. डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातलगांनाही उपचारात सामावून घेतले, ते हेच ओळखून. परंतु जो दुसऱ्यांची घरे सावरतो, त्या कुटुंबोपचारकाला कोण सावरतो? आज आम्ही त्याच्या मार्गदर्शकाविषयी बोलणार आहोत.

हे नाते काशीकरांना परके नाही. येथील पाठशाळेत विद्यार्थी गुरुमुखातून संथा घेतो. स्वर चुकला की तेथल्या तेथे थांबवला जातो. नवशिक्या उपचारकाचेही तसेच. फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रात साल्वादोर मिनुचिन यांच्या काळी गुरू एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या काचेआड बसे, आणि शिष्याचा तोल जाऊ लागला की दूरध्वनीवरून त्यास सावध करी. आरंभी हा धाक हवाच, असे आमचे मत आहे. कारण शब्द चुकला तर मोडते ते दुसऱ्याचे घर. मात्र धाक लांबला, तर शिष्य समोरच्या कुटुंबाऐवजी काचेकडेच पाहू लागतो.

म्हणून पुढे गुरूचे प्रश्न बदलतात. 'काय बोलावे' हे मागे पडते आणि 'तुम्हांला त्या सुनेचाच एवढा राग का आला?' हे पुढे येते. उपचारकाचे स्वतःचे घर येथे उघडे पडते. सर्वांत नाजूक टप्पा हाच. गुरूने शिष्याला रुग्ण करू नये. त्याच्या घराची सावली समोरच्या घरावर कोठे पडते, तेवढेच दाखवावे.

१९८५ साली नॉर्वेतील ट्रोम्सो येथे टॉम आंडर्सन यांनी काचेमागचे दिवे लावून तज्ज्ञांची आपसांतली चर्चा कुटुंबाला ऐकवली. गंमत अशी की, कुटुंब ऐकते आहे म्हटल्यावर तज्ज्ञांची भाषाच सौम्य झाली!

अनुभवी उपचारकाला आज्ञा नको असते, बरोबरीचा सल्लागार हवा असतो. तरीही त्याला एकटे सोडू नये. वर्षानुवर्षांच्या सवयीने कान जड होतात. त्यातून पुस्तके बहुतेक पश्चिमेची. आई पुण्यात, मुलगा-सून काशीत, आणि घरातला निर्णय अजून पुण्यालाच व्हायचा, हे कुटुंब त्या पुस्तकांत सहसा भेटत नाही. ते गुरुशिष्यांनी मिळूनच समजून घ्यावे लागते.

आपला समाज येथे लहान. सारे एकमेकांच्या ओळखीचे. तेव्हा उपचारकाकडे जाण्याची वेळ आलीच, तर दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: आपण कोणाचा सल्ला घेता, आणि तेथे आमचे नाव सांगता काय?