भाकरी आणि तिचे सोबती

सोलापूर जिल्ह्याचें नांव निघालें कीं शाळूची शुभ्र भाकरी डोळ्यांपुढें येते. पावसाळा सरतां सरतां काळ्या जमिनींत पेरलेली, जमिनींतल्या ओलीवर वाढलेली मालदांडी ज्वारी आणि तिच्यावर पोसलेला कष्टाळू माणूस, हें या प्रदेशाचें जुनें चित्र आहे. परंतु भाकरी ताटांत एकटी येत नाहीं. तिच्याबरोबर शेंगांची चटणी, कच्चा कांदा, एखादी पालेभाजी आणि जमल्यास ताक असें. या पदार्थांकडे केवळ तोंडीलावणें म्हणून पाहिलें जातें. परंतु मनुष्याच्या आरोग्याशीं त्यांचें नातें किती जवळचें आहे, हें जीवनसत्त्वें व खनिजद्रव्यें यांच्या शास्त्रानें दाखवून दिलें आहे.

धान्य, डाळी व तेल यांपासून शरीरास शक्ति मिळते. जीवनसत्त्वें व खनिजें स्वतः शक्ति देत नाहींत. मिळालेली शक्ति कामास लावण्याचें कार्य तीं करतात. मागावर सूत विपुल असलें तरी धोट्यावांचून वस्त्र विणलें जात नाहीं, हें सोलापूरच्या विणकरांस सांगावयास नको. सुताच्या मानानें धोटा लहानसाच, पण तो थांबला कीं सगळा माग थांबतो. नायासिन नांवाचें जीवनसत्त्व प्रौढ माणसास दिवसाकांठीं अवघें १० ते १५ मिलिग्रॅम लागतें. चिमूटभर मिठाहूनहि तें कमीच. तेवढें न मिळाल्यास मात्र पेलाग्रा नांवाचा रोग जडतो. मान, हात, पाय, जेथें जेथें ऊन लागतें तेथील कातडी काळवंडून खरखरीत होते, अतिसार सुरू होतो आणि अखेरीस बुद्धीस भ्रम होतो.

अमेरिकेंत हा रोग मक्यावर जगणाऱ्या गरिबांत होता. त्याच्या मुळाशीं याच जीवनसत्त्वाची उणीव आहे, हें १९३७ सालीं कोनराड एल्व्हेजेम यांच्या संशोधनानें स्पष्ट झालें. दख्खनच्या पठारावर तोच रोग ज्वारी खाणाऱ्या मजुरांत आढळला. हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेंतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. ज्वारीच्या प्रथिनांत ल्यूसिन हा घटक अधिक असल्यामुळें शरीरांतील नायासिनाच्या कार्यास बाध येतो, असें त्यांचें प्रतिपादन होतें. या कारणमीमांसेविषयीं पुढें शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण चौरस आहार मिळाला म्हणजे हा रोग होत नाहीं, याविषयीं दुमत नाहीं. दोष भाकरीचा नव्हता. भाकरी एकटी पडली, हा दोष होता.

येथें शेंगांच्या चटणीचें मोल कळतें. शेंगदाण्यांत नायासिन ज्वारीच्या सुमारें पांचपट असतें. ज्या पूर्वजांनीं भाकरीवर चटणीचा गोळा व तेलाची धार घेण्याची रीत पाडली, त्यांना जीवनसत्त्वाचें नांव ठाऊक नव्हतें. पण त्यांच्या रितीनें भाकरीची उणीव भरून निघाली.

दुसरी उणीव लोहाची. ज्वारींत लोह आहे, परंतु धान्यांतील फायटेट या द्रव्यानें तें जखडलेलें असतें आणि त्याचा थोडाच अंश रक्तास मिळतो. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटांत गेलें तर हें बंधन सैल होतें. लिंबाची फोड, पेरू, आवळा हीं त्या कामीं उपयोगी पडतात. कोवळ्या कच्च्या पाल्यांत कांदा व दाण्याचें कूट घालून केलेला घोळाणाहि तेंच काम करतो. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. त्यासाठीं जेवण व चहा यांत तासाभराचें अंतर असावें.

तिसरी गोष्ट मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांमुळें जगास कळली. लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ सालीं मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतील गरोदर स्त्रियांस होणाऱ्या एका तीव्र पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिला असतां हा रोग बरा होतो, असें त्यांनीं १९३१ सालीं दाखवून दिलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल होय. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें करण्यांत आलें. पालेभाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून टाकलें तर हें द्रव्य बव्हंशीं नाहींसें होतें.

सोलापूरच्या जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले; यंत्रमाग व विड्यांचे पुडे राहिले. विड्या वळणारी स्त्री सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसते. तिला पुरुषाहून अधिक लोह लागतें: २०२० सालच्या भारतीय शिफारशींप्रमाणें पुरुषास दररोज १९ तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम. असें असतां घरांत सर्वांच्या मागून जेवते तीच. तोंपर्यंत भाजीचें पातेलें खरवडलेलें असतें, लिंबू संपलेलें असतें, आणि तिच्या वांट्यास भाकरी व चहा येतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुरोगी आढळल्या, याचें एक कारण या उशिराच्या पानांत आहे.

सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानें २०१७ सालीं ‘सोलापूर लाल’ हा वाण पुढें आणला. प्रचलित ‘भगवा’ वाणाहून त्यांत लोह, जस्त व क जीवनसत्त्व अधिक आहे. शास्त्राची ही कामगिरी अभिनंदनीय होय. तथापि ज्या घरीं डाळिंब परवडत नाहीं, त्या घरींहि लिंबू, शेवग्याचा पाला व मूठभर शेंगदाणे मिळूं शकतात. गरोदरपणीं मात्र आहारावरच विसंबून चालत नाहीं. ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. ती वैद्याच्या सल्ल्यानें नियमानें घ्यावी, आणि चहाबरोबर घेऊं नये.

सुग्रण गृहिणी भाकरी किती पातळ थापते, यावरून तिचें कौतुक होतें. घराच्या आरोग्याची परीक्षा करावयाची असेल तर पहिल्या पंगतीचें ताट पाहून भागणार नाहीं. शेवटीं जेवणाऱ्या बाईच्या ताटांत भाकरीशेजारीं भाजी, चटणी व लिंबाची फोड उरली आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें कीं ती परीक्षा पुरी होते.