औषध आई देते, माहितीही तिलाच हवी
(कारंजा (घाडगे) येथील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

तुम्ही मला दम्यावर बोलायला सांगितलंत. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. बचत गटाचं काम करते, घरची तीन एकर शेती आहे आणि माझ्या मुलीला दमा आहे. सौम्य, धुळीच्या ॲलर्जीचा. चार वर्षांत मी काय चुकले आणि काय शिकले, तेवढंच सांगणार आहे.

आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं, थ्रेशर सुरू होतो, गावभर भुसा उडतो. उन्हाळ्यात शेतातल्या पराट्या पेटवतात. घरात चुलीचा धूर, मच्छरची अगरबत्ती, पावसाळ्यात ओल धरलेल्या गाद्या. माझी मुलगी सात वर्षांची असताना अशाच सोयाबीनच्या दिवसांत रात्री खोकायला लागली. पहाटे उठून बसायची, छातीत शिट्टी वाजायची. घरात पहिला प्रश्न मलाच, "काय खाऊ घातलंस? दही दिलंस का? केळं दिलंस का?" थ्रेशर कोणी आणला, धूर कोणी केला, हे कोणी विचारलं नाही. लेकराला खोकला झाला की आईची झडती होते.

एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, एक गोळी आणि एक पंप लिहून दिला. गोळी रात्री, पंप रोज. माझे मिस्टर सोबत होते, सगळं बोलणं त्यांच्याशी झालं. मी मुलीला कडेवर घेऊन मागे उभी. औषध मात्र मला द्यायचं होतं.

पंप घरी आला तसा कपाटात गेला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीले पंप लावू नको माय. एकदा लागला की सुटत नाही. उद्या सोयरीक कोन करन?" मुलगा असता तर ही भीती इतकी मोठी नसती. आजही कितीतरी मुलींचा पंप शेजारणीपासून, शाळेपासून, पुढे नवऱ्यापासून लपवला जातो. लपवलेलं औषध वेळेवर घेतलं जात नाही.

मग राहिली गोळी. ती मी इमानाने दिली. तीन आठवड्यांत खोकला कमी झाला, पण पोर बदलली. रात्री किंचाळून उठायची. धाकट्या भावाला मारायची. एकदा जेवताना म्हणाली, "आई, मी नसते तर बरं झालं असतं." सात वर्षांचं लेकरू! शाळेतून निरोप आला, लक्ष नाही. घरात ठरलं, बाहेरचं काही लागलं. अंगारा झाला, लिंबू झालं. माझ्या मनात एकच, की माझ्याच हातून काहीतरी कमी पडतंय.

शेवटी खोकल्याच्याच तपासणीला दुसऱ्या दवाखान्यात गेलो, तिथल्या नर्सबाईंनी साधा प्रश्न विचारला, "नवीन औषध कोणतं सुरू आहे?" मी पट्टी दाखवली. गोळीत मॉन्टेलुकास्ट होतं, सोबत लिव्होसेट्रिझिन. तिथल्या डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. दोन आठवड्यांत पोर शांत झोपू लागली. ते सगळं गोळीमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण असं होऊ शकतं, ही गोष्ट जगाला माहीत होती. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला: वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, जीव देण्याचे विचार येऊ शकतात, सौम्य त्रासात आधी दुसरी औषधं पाहावीत. बहुतेक लेकरांना ही गोळी सोसते, तेव्हा ज्यांच्या घरी ती सुरू आहे त्यांनी घाबरून जाऊ नका. लेकराच्या झोपेत, वागण्यात फरक दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. माझी तक्रार गोळी लिहिल्याची नाही. हे मला सांगितलं नाही, ही आहे.

आता पंपाविषयी. दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात. म्हणून औषधं दोन प्रकारची. एक आवळलेली नळी सैल करणारं, म्हणजे साल्ब्युटामॉल. ते काही मिनिटांत काम करतं, चार-सहा तासांत उतरतं. दुसरं सूज कमी करणारं, म्हणजे ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन. ते रोज घ्यायचं, त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. धाप लागल्यावर हे एकटं दुसरं औषध देऊन लगेच उतार पडत नाही. कपाटातला पंप मी एकदा तसाच दिला आणि "पंपाने काही होत नाही" म्हणून पुन्हा ठेवून दिला. पंपाच्या रंगावर जाऊ नका. नाव वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या आणि रोजच्या पंपाला दोरा बांधून ठेवा.

"पंप फार कडक असतो" असं आपण म्हणतो. हिशोब करा. साल्ब्युटामॉलची गोळी २ मिलिग्रॅमची, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीचा विसावा हिस्सा, कारण औषध थेट छातीत जातं. रोजच्या पंपात स्टिरॉइड असतं, हे खरं आहे, लपवू नये. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, मुलांनी काही वर्षं रोज ब्युडेसोनाइड घेतल्यावर मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून मात्रा कमीत कमी हवी आणि लेकराची उंची दर भेटीला मोजायला हवी. पण दर महिन्याला धाप लागून स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शनं घेणं त्याहून वाईट. आणि सौम्य दमा म्हटला तरी त्यात एखादा झटका जीवघेणा निघू शकतो.

पंप स्पेसर लावूनच द्या. स्पेसर म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळकांडी. लहान बाळाला त्यावर मास्क लागतो. पंप हलवायचा, एक फवारा मारायचा, लेकराने पाच-सहा वेळा सावकाश श्वास घ्यायचा. दुसरा फवारा लागला तर पुन्हा पंप हलवून. नंतर चूळ भरून थुंकायची, मास्क असेल तर तोंडही धुवायचं, नाहीतर तोंडात बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या, फडक्याने पुसू नका. घासलं की औषध भिंतीला चिकटतं. स्पेसर महाग वाटला तर ऐका: १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाएवढं घट्ट भोक पाडलं, तर ती विकतच्या स्पेसरसारखंच काम करते. पंप किती फवाऱ्यांचा आहे ते डब्यावर असतं. आमच्याकडे कॅलेंडरवर रेघा मारतो.

लेकरू बरं दिसलं म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नका. साधारण तीन महिने त्रास नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन मात्रा कमी करून घ्या. एकाची चिठ्ठी दुसऱ्या लेकराला चालवू नका. आठवड्यात दोनदांपेक्षा जास्त वेळा साल्ब्युटामॉल लागलं, किंवा खोकल्याने रात्री जाग येऊ लागली, तर दमा आटोक्यात नाही असं समजा. लेकराला एक वाक्य पुरं बोलता येत नाही, बरगड्यांमध्ये खड्डे पडतात, ओठ निळसर दिसतात, साल्ब्युटामॉलने उतार नाही, तर कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. साल्ब्युटामॉल देत देत दवाखाना गाठा.

मैत्रिणींनो, स्त्रियांच्या चळवळीत आपण हे का बोलतो? कारण ही लढाई जुनी आहे. गर्भ राहिला का हे पाहण्यासाठी बायांना संप्रेरकांच्या जबर मात्रेची औषधं दिली जात. त्याविरुद्ध बायका वर्षानुवर्षं झगडल्या, तेव्हा १९८८ मध्ये बंदी आली. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्या बायांना पुरतं न सांगता होत होत्या, म्हणून १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आपल्या शरीरात काय जातं हे आपल्याला कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लेकराच्या शरीरात आपण आपल्या हाताने जे घालतो, त्यालाही तेच लागू आहे.

म्हणून दवाखान्यात मागे उभ्या राहू नका. चार प्रश्न विचारा. या औषधाचं नाव काय? ते रोजचं आहे की धाप लागल्यावरचं? त्याने काय त्रास होऊ शकतो? पुन्हा कधी दाखवायचं? उत्तरं मराठीत लिहून मागा. पंप कसा घ्यायचा ते समोर करून दाखवायला सांगा आणि तुम्हीही करून दाखवा. बापालाही सोबत शिकवा. माझ्या मिस्टरांना आता पंप देता येतो, आणि बैठकीच्या रात्री मला घरी धावत जावं लागत नाही. धापेचा पंप मुलीच्या दप्तरात राहू द्या, ऑफिसच्या कुलपात नको, आणि गुरुजींना तो केव्हा द्यायचा ते सांगून ठेवा. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघरी गॅस आला, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. तो धूरही आपल्या मागण्यांच्या यादीत हवा.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. परवा तिने मैत्रिणींसमोर दप्तरातून पंप काढला, घेतला, चूळ भरली आणि पुन्हा लंगडी खेळायला गेली. सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "तो डब्बा धुवून ठेवजो, धूळ बसली त्याच्यावर."