आपल्याच माणसाची हुर्यो
१ एप्रिल २०२४, वानखेडे. मुंबईचा कर्णधार हार्दिक पंड्या टॉसला आला आणि मुंबईकरांनीच त्याची हुर्यो उडवली. संजय मांजरेकरला माइकवरून सांगावं लागलं, नीट वागा म्हणून. राग कशाचा? रोहितचं कर्णधारपद गेलं त्याचा. पण तो निर्णय संघ चालवणाऱ्यांचा, बोलणी खाल्ली हार्दिकनं.
२००६ च्या कसोटीत सचिन १ धाव करून परतला, तेव्हाही इथे हुर्यो झाली होती. पटत नाही, पण समजतं. निदान खेळ बघून तरी ओरडले. इथे एकही चेंडू पडला नव्हता हो!
जुलैत वर्ल्डकप घेऊन हार्दिक पुन्हा वानखेडेवर आला. आता ‘हार्दिक, हार्दिक!’ टीव्हीसमोर मीही ओरडलो. एप्रिलमध्येही ओरडलो होतो, वेगळं काहीतरी.