बांधीतली वेगळी लोंबी

धानाच्या जिल्ह्यात बोलायचे तर सुरुवात धानापासूनच केलेली बरी. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या बांधीत, ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात, तीन पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यांचे बी वेगळे पेरले आणि पुढच्या हंगामात पुन्हा निवड केली. त्यातून आलेल्या बारीक तांदळाला त्या काळच्या मनगटी घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव चिकटले. लोंब्यांतला तो फरक खोब्रागड्यांनी घडवला नव्हता. त्यांचे कर्तृत्व निवडीत होते. माझे म्हणणे असे की, आपल्या शरीरातील प्रतिपिंडांची जंतूवरची पकड उत्तरोत्तर घट्ट होते तीही याच रीतीने: बदल आंधळा, निवड मात्र कडक. फक्त शरीर वेगळ्या लोंबीची वाट पाहत बसत नाही. ते मुद्दाम चुका करते.

रोवणीच्या दिवसांत पायात काटा मोडतो, जखम चिघळते आणि जांघेत अवधाण येते. त्या सुजलेल्या गाठीत, म्हणजे लसिकाग्रंथीत, साधारण आठवड्याभरात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींची दाट वस्ती उभी राहते. तिला जर्मिनल सेंटर, म्हणजे अंकुरकेंद्र म्हणतात. शेतकऱ्यांच्या सभेत हे नाव परके वाटू नये. इथल्या पेशी काही तासांतच दुप्पट होत जातात, आणि त्या गडबडीत ‘एआयडी’ नावाचे एन्झाइम प्रतिपिंडाच्या जनुकात हात घालते. जपानमधील तासुकू होंजो यांच्या गटाने १९९९ साली ते शोधून काढले. हे एन्झाइम डीएनएतील ‘सी’ या अक्षराचे ‘यू’ करून टाकते. ‘यू’ डीएनएच्या वर्णमालेतले नव्हेच, म्हणून पेशी ते दुरुस्त करायला धावते आणि दुरुस्ती करताना आणखी चुकते. दर विभाजनाला हजार अक्षरांमागे सुमारे एक चूक. एरवीच्या मानाने दहा लाख पट. मग परीक्षा. तिथे मांडून ठेवलेला जंतूचा अंश पेशीने स्वतःच्या पकडीने ओढून घ्यायचा आणि टी-पेशीला दाखवायचा. जिने जास्त ओढला तिला पुन्हा वाढण्याची मुभा. बाकीच्या मरतात आणि भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात. अशा फेऱ्यांवर फेऱ्या होतात.

हर्मन आयझेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी १९६४ साली सशांवर केलेल्या प्रयोगात हे आधी आकड्यांत दिसले: परका पदार्थ टोचल्यानंतर जसजसे आठवडे गेले तसतशी प्रतिपिंडांची पकड वाढत गेली. माणसातला पुरावा २००० साली आला. ज्यांच्यात ‘एआयडी’ जन्मतःच निकामी असते अशा रुग्णांच्या प्रतिपिंडांत हे बदल होतच नाहीत, लसिकाग्रंथी सुजलेल्या राहतात आणि जिवाणूंचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. यावर आक्षेप येईल की हेच एन्झाइम प्रतिपिंडाचा वर्ग, म्हणजे प्रकार, बदलण्याचेही काम करते, मग आजाराचे खापर पकडीवरच का फोडायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच २०११ सालचा उंदरांवरचा प्रयोग मला मोलाचा वाटतो: ‘एआयडी’त असा एकच फेरफार केला की वर्गबदल बहुतांशी चालू राहिला, पण पकड सुधारणारे बदल थांबले. त्या उंदरांचा आतड्यातील जिवाणूंवरचा ताबा सुटला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जनुकात चुका पेरणे म्हणजे कर्करोगाला आवतण नव्हे काय? काही अंशी तसेच आहे. बर्किट लिंफोमात पेशीवाढीचे एक जनुक तुटून प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते, आणि त्या तुटण्यात याच एन्झाइमचा हात असतो. शरीराने हा धोका फुकट पत्करलेला नाही. जंतू दर पिढीला वेष बदलत असता आपले हत्यार न बदलणे त्याहून महाग पडले असते. मात्र धानाची उपमा इथवरच पुरते. एचएमटीचे बी पुढच्या हंगामाला मिळते, प्रतिपिंडांची सुधारणा मात्र वारशात उतरत नाही. आईची तयार प्रतिपिंडे बाळाला काही महिने पुरतात. नंतर त्याला स्वतःचे पीक घ्यावे लागते.

आणि पिकाला हंगाम लागतो. हिपॅटायटिस बीच्या लसीचे मोठ्यांसाठीचे वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असे आहे. शेवटच्या डोसाआधीची मोठी फट म्हणजे दिरंगाई नव्हे. त्या काळात निवड होऊन चांगल्या पकडीच्या स्मृतिपेशी तयार होतात आणि शेवटचा डोस त्यांना कामाला लावतो. मग पिसाळलेला कुत्रा चावल्यावर लस शून्य, तिसऱ्या, सातव्या दिवशी अशी घाईने का देतात? तिथे विषाणू मेंदूकडे निघालेला असतो, निवडीला सवड नसते. म्हणून खोल जखमेच्या आत आणि भोवती तयार सीरम टोचतात. त्यातली प्रतिपिंडे घोड्याच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या शरीरात आधीच निवडून निघालेली असतात.