खबर शेवटपर्यंत वाचा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



 मी काही विद्वान माणूस नाही. पोस्टात कारकुनी करून निवृत्त झालो. विषय कोणता घेऊ, असे मी सेक्रेटरीसाहेबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "चाचा, तुम्ही रोज सकाळी नाक्यावर बसून जे बोलता तेच इथे बोला." आता नाक्यावर मी बहुधा तक्रारीच करतो. तेव्हा आजचे भाषण म्हणजे एका म्हाताऱ्याच्या तक्रारी आहेत, असे समजावे. मात्र शेवटी माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. तेवढे ऐकून मग चहाला उठावे.

पहिली तक्रार अर्थातच फोनची. पूर्वी फोन लावला म्हणजे पलीकडून माणूस बोलत असे. आता यंत्र बोलते. मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. चष्मा चढवून तो आकडा सापडेपर्यंत, आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही असे सांगून बाई फोन ठेवून देतात. नंतर तो ओटीपी. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी येते. मी खिडकीशी जाऊन आकडे पाठ करून परत येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. मध्यंतरी कोणालाही फोन लावा, आधी अमिताभ बच्चन यांचा आवाज ऐकावा लागे. सायबर चोरांपासून सावध राहा, असे ते सांगत. लोक इतके वैतागले की जून २०२५ मध्ये सरकारने तो आवाज बंद केला. सांगत होते ते खरे होते, पण दिवसातून दहा वेळा ऐकलेले कोणाच्या डोक्यात शिरते?

दुसरी तक्रार टीव्हीवरच्या बातम्यांची. पडद्यावर सहा चौकटी, सहा माणसे, आणि सगळी एकाच वेळी बोलणार. खालून एक पट्टी पळते, तिच्या खालून दुसरी पळते. एक वाचावी तर दुसरी गेलेली असते. तासभर बसून उठलो आणि बेगमने विचारले, "काय झाले?" तर मला सांगता येत नाही. काहीतरी मोठे झाले आहे, एवढेच कळते.

तिसरी तक्रार सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलांची आहे, पण ती पाठवणारे काही जण इथे समोरच बसलेले असल्यामुळे ती मी सोडून देतो.

या झाल्या हसण्यावारी नेण्यासारख्या गोष्टी. म्हाताऱ्या माणसाला नवीन वस्तूंचा त्रास व्हायचाच. आमच्या आजोबांना सायकलचा होत असे. पण एक गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही. ती अशी की आपण सगळेच, लहान आणि मोठे, शिकलेले आणि न शिकलेले, खबर अर्धी वाचू लागलो आहोत. मथळा वाचतो आणि उठतो. चित्र पाहतो आणि पुढे पाठवतो.

माझ्याच जुन्या खात्याचे उदाहरण घ्या. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. म्हणजे रजिस्टर करून पत्र पाठवण्याची सोय गेली नाही, ती दुसऱ्या नावाखाली आली. बातमीत हे लिहिलेले होते. पण मथळ्यात 'रजिस्टर्ड पोस्ट बंद' असे होते. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत त्यातला 'रजिस्टर्ड' हा शब्द गळाला आणि 'पोस्ट बंद' एवढेच उरले. मगरिबनंतर शेजारच्या आपा हातात पासबुक घेऊन आल्या. "भाईजान, आता माझ्या पैशांचे काय होणार?" मुलीच्या लग्नासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पोस्टात पैसे टाकलेले. त्यांना मी ती बातमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली, तेव्हा त्या घरी गेल्या. वाचून दाखवायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्यांच्या घरात दोन मुले कॉलेजात जाणारी आहेत.

पूर्वीची माणसे फार शहाणी होती असे मी म्हणणार नाही. तुमच्यापैकी जे चाळिशीच्या पुढचे आहेत त्यांना तार आठवत असेल. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. तारवाला दारात दिसला की घरात वाचण्याआधीच रडारड सुरू होत असे, कारण तार म्हणजे मौत अशीच लोकांची समजूत. आमच्या कोकणात कितीतरी घरांतली माणसे जहाजावर, नाहीतर आखातात. पोस्टमन बिचारा ओरडून सांगे, "अहो, आधी ऐका तरी! मुलगा कुवेतला सुखरूप पोचला आहे." घाबरणे तेव्हाही होतेच. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे तारेला शब्दागणिक पैसे पडत. पाठवणारा खिडकीपाशी उभा राहून दहा वेळा विचार करी, एकेक शब्द खोडी. आणि दुसरी म्हणजे वाचता न येणाऱ्या घरात पोस्टमन ती पुरी वाचून दाखवल्याशिवाय हलत नसे. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपापुरती जागा असे. त्यातल्या दोन ओळीसुद्धा तो दोनदा वाची. आज शब्दाला पैसा पडत नाही आणि वाचून दाखवणारा पोस्टमन दारात येत नाही.

त्याचे परिणाम कुठवर जातात, ते सांगतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. त्या दिवशी रविवार होता, आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणारे हे लोक. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या भागात कितीतरी दिवस फोनवरून फिरत होते. या माणसांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, असे कोणीतरी म्हणाले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण जिवानिशी गेले. कोणाचेही मूल पळवले गेलेले नव्हते.

त्या वर्षी देशात बऱ्याच ठिकाणी अशी माणसे मारली गेली. त्या काळात एक चित्रफीत फार फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा आपल्याकडे पाठवून दिला. ज्यांनी तो पाहिला त्यांना वाटले, हे आपल्याच तालुक्यात घडते आहे. राईनपाड्याच्या त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनी आकड्याची मर्यादा घालू शकते. पाठवण्याआधी पुरे पाहायला ती आपल्याला लावू शकत नाही.

अफवेने काय होते, हे आपल्यासारख्या मोहल्ल्यात राहणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. आपल्याविषयी कोणी खोटेनाटे पसरवले की आपल्याला वाईट वाटते, आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्याविषयीचे, न वाचलेले, न तपासलेले आपल्या बोटाने पुढे जाते तेव्हा आपल्याला तेवढे वाईट वाटते का? ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

'खबर' आणि 'अफवा' हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतून आले आहेत. अरबीत 'अफवाह' या शब्दाचा मूळ अर्थ 'तोंडे' असा आहे. या तोंडातून त्या तोंडात गेलेले, एवढेच. आता आपल्याकडे तर यासाठी फार जुनी शिकवण आहे. कोणी बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाला इजा पोचवाल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. हदीस गोळा करणाऱ्या आलिमांनी वचनाइतकेच महत्त्व त्याच्या सनदीला दिले. हे कोणी कोणाकडून ऐकले, तो माणूस कसा होता, त्या दोघांची भेट होणे शक्य होते का, हे पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. एका वाक्यासाठी लांबचा प्रवास केलेले लोक ते. आपल्या फोनवर येणाऱ्या संदेशाची सनद काय? वर दोन बाण असतात, म्हणजे तो पुष्कळ वेळा पुढे पाठवला गेला आहे. कोणी पाठवला ते नाही, केव्हा ते नाही, कुठून ते नाही.

आता घाबरवून लुटण्याचा धंदा याच अर्धवटपणावर चालतो. वर्दी घातलेला माणूस फोनवर दिसतो. तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे, कोणाशी बोलू नका, पैसे भरा, म्हणतो. निवृत्त झालेल्या, शिकलेल्या माणसांनी आयुष्यभराची कमाई अशी देऊन टाकली आहे. पंतप्रधानांनीसुद्धा २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये याविषयी देशाला सावध केले. पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे की डिजिटल अरेस्ट नावाची अटक आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा, घरच्यांना सांगावे, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. 'कोणाशी बोलू नका' असे जो सांगतो, त्याच्याबद्दल तर सगळ्यांत आधी घरात बोलावे.

वाचायची ती फक्त बातमीच असे नाही. कागदही शेवटपर्यंत वाचावा. आपल्या समाजातल्या मुलांचे किती नुकसान नावाच्या अक्षरांपायी होते, ते इथल्या शिक्षकांना विचारा. जन्मदाखल्यावर शेख एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, शाळेच्या रजिस्टरला तिसऱ्या तऱ्हेने. कुठे मोहम्मद पूर्ण, कुठे नुसता 'मो.', कुठे अब्बांचे नाव आधी, कुठे आडनावच नाही. उर्दूतले नाव मराठीत येते, मराठीतले इंग्रजीत जाते, आणि प्रत्येक खिडकीवरचा कारकून आपल्या कानाला पटेल तसे लिहितो. मी स्वतः कारकून होतो म्हणून सांगतो, कारकुनाला घाई असते. घाई तुम्ही करू नका. दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून एकेक अक्षर तपासावे. शाळेत असताना जी दुरुस्ती एका अर्जाने होते, तिच्यासाठी शाळा सोडल्यावर प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे करावे लागतात, आणि तोवर प्रवेशाची नाहीतर शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते.

शिष्यवृत्तीवरून आठवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. आपल्या कितीतरी घरांना झळ पोचवणारी ही बातमी. अखबारात ती आली होती. पण त्यानंतरही, अर्ज सुरू झाले आहेत, लवकर भरा, असे जुने संदेश आपल्यात फिरत राहिले आणि बाया कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहिल्या. संदेशावर तारीख नव्हती, आणि ती कोणी विचारलीही नाही.

आता माझे मागणे. विद्यार्थी मित्रांनो, ते तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात दादी असेल, नानी असेल, दिवसभर राबून आलेले अब्बा असतील. त्यांच्या हातात फोन आहे, पण त्यांना वाचून दाखवणारे कोणी नाही. ते काम तुम्ही करा. रोज दहा मिनिटे, जेवणाआधी किंवा नंतर, घरातल्या सगळ्यांना एक बातमी मोठ्याने वाचून दाखवा. एकच, पण शेवटच्या ओळीपर्यंत. अडलेला शब्द आला तर तिथे थांबा आणि विचारा. फोनवर काही आले तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी सांगितले? केव्हाचे आहे? कुठले आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर ते तुमच्याच फोनमध्ये राहू द्या. त्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

पालकांना माझी विनंती अशी की मूल वाचत असेल तेव्हा टीव्ही बंद ठेवावा आणि ते अडखळले तर रागावू नये. आम्ही पोस्टात लागलो तेव्हा आम्हीही लोकांची पत्रे अडखळतच वाचत होतो. आपली संस्था मुलांना अक्षर शिकवते, परीक्षेला बसवते. पण वाचलेले घरापर्यंत नेण्याचे काम घरातच व्हायला हवे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन तालीम दिली ती यासाठीच, की घरात आलेला कागद वाचण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये.

 यंदा परीक्षेला बसणाऱ्या मुला-मुलींना माझ्या दुआ. प्रश्नपत्रिकाही शेवटपर्यंत वाचा, एवढे सांगतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.